सुरेखाचा मुलूख

पोळा आला तसा गेला, गनपती तोंडावर आले, तरी आमच्या हिवरवाडीवर पाऊस काय पडायला तयार न्हाई. बाजरी ईतभर वाढली आन् जाग्यावर करपली. ती उपटून शेरडांपुढं टाकली तवाच मी मालकांना सांगून टाकलं, "ह्या साली कोयता उचलायचा न्हाई. काय व्हायचं ते हितं हू द्या."

मालक म्हंजी माजा नवरा, कल्याण. बाजेवर पालथे पडून हुते, नुसतं हूं म्हनले. गेल्या साली उसाची मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रकात चढताना त्यांचा पाय सटकला आन् मनका सरकला. तवापास्नं बसले तर उठवत न्हाई आन् उठले तर बसवत न्हाई. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. मागल्या साली तोडायला बी मीच, बांधायला बी मीच, आन् पहाटं थंडीत ट्रक भरायला बी मीच. वर मोनिका, आमची पोरगी, दर साली शाळा सोडून आमच्याबरोबर उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत. आता नववीला हाय. मास्तरनी सरळ सांगितलं, ह्या बारीला नेली तर दहावी इसरा.

मंग खायाचं काय? तर चौदा शेरडं हुती. संक्रांतीपातूर ती कशीबशी जगवली, करडं झाली, की साल निघत हुतं. कारखान्याची पायरी चढायची न्हाई, पोरीची शाळा मोडायची न्हाई, नवऱ्याला फळीवर चढवायचा न्हाई. समदं त्या चौदा तोंडांवर हुतं.

पर त्या तोंडांत घालायला चारा कुटं हाय? उघड्या डोंगरावर शेरडं धोंडे हुंगायला लागली. मी आकडी घिऊन बाभळी-हिवराच्या फांद्या ओढायची, हाताची सालटं निघायची. आन् त्याच डोंगराच्या पोटात फॉरेस्टचं रोपवन. भवतीनं तार, घायपात, चर खांदलेले, वर चराईबंदीची पाटी. लावलेली झाडं कवाच जळून गेली, पर गवत मात्र मांडीइतकं. पवना, मारवेल, नुसतं वाळून झडून चाललेलं. ना त्यांच्या कामाचं, ना आमाला द्यायचं. आता सांगा, कुनाचं टकुरं फिरनार न्हाई?

वाट दावली ती गोरक्षनं.

गोरक्ष म्हंजी मालकांचा चुलत भाऊ. त्याची आई तो तान्हा असताना गेली. माज्या सासूनं, लंकाबाईनं, त्याला वाढवला. मी लगीन हून आले तवा हा दहा वर्साचा, नाकाला शेंबूड. त्याच्या उवा मी काढल्यात, त्याला शाळंचा डबा मी दिलाय. आता फॉरेस्टात रोजंदारीवर वॉचर हाय. जेवायला आजून आमच्याच घरी.

"वैनी," एक दिस हात धुता धुता म्हनला, "वढ्याच्या अंगाला घायपातीत तार तुटलीय. मी काय बघितलं न्हाई. तुमी बी बघू नगा."

"आन् तुजा सायब आला म्हंजी?"

"सायब त्या खळग्यात कशाला मरतोय? तितं रेंज सुदीक न्हाई. सायबाला दर पाच मिंटाला फोन लागतो."

आमी दोगं बी हसलो. दुसऱ्या दिसापास्नं मी शेरडं आत घालायला लागले. आठ दिसांत त्यांच्या कुकी भरल्या. सासू दूध काढताना म्हनली, "काय गं, काय चारतीस?" मी म्हनलं, "पुन्य चारते."

आता खेळाचं सांगते. मोनिकाच्या शाळंसाठी फोन घेतला हुता, तो दिवसा माज्याकडं असायचा, एकटी बाई डोंगरात म्हनून. गोरक्षनं त्यात एक खेळ घालून दिला, 'मुलूख' नावाचा. फोन जवळ ठिवून चालायचं. मोठा येढा मारून जितनं निघालो तितंच परत यायचं. मंग मधली समदी जमीन नकाशात आपल्या रंगाची हुती, वर आपलं नाव. दुसरा कोन त्यावरनं फिरला तर त्याची. रोज फिरलं तरच टिकती.

"मी काय शाळंतली पोरगी हाय का?" मी म्हनलं.

"अवो, तुमी तशाबी दिसभर फिरताच की. लोक पुन्यात बूट घालून, पळून पळून ह्ये करत्यात. तुमचं आयतं."

"आन् रेंज कुटंय डोंगरात?"

"लागत न्हाई. फोनला वरनं उपग्रहावरनं कळतं. रेंज नसंल तर समदं पोटात ठिवतो, रेंज आली की वकतो."

आमच्या डोंगरावर रेंज एकाच ठिकानी, म्हसोबाच्या टेकाडावर. ती बी उभ्या मानसाला न्हाई. तवा मी काय करायची, फोन फडक्यात गुंडाळून आकडीच्या टोकाला बांधायची आन् आकडी आभाळात धरायची. हात भरून यायचे. जरा येळानं वरनं टिंग टिंग वाजायचं, की खाली घेऊन बघायची. सकाळी नुसता पांढरा असलेला नकाशा हिरवागार झालेला, आन् मधोमध 'सुरेखा'. पयल्यांदा बघितलं तवा मी पदरानं काच पुसून परत वाचलं.

हसू नगा. माज्या बापाच्या सात-बाऱ्यावर भावांची नावं लागली, आमचं एकर मुरमाड अजून सासऱ्याच्या नावावर हाय, आन् सासरा मरून बारा वर्सं झाली. माजं नाव फकस्त रेशनकार्डावर, ते बी खालून दुसरं. आन् हितं वढ्यापास्नं म्हसोबापातूर आख्खा डोंगर सुरेखाचा. खोटा तर खोटा. मला लई बरं वाटायचं. संध्याकाळी गोरक्ष जेवायला आला की म्हनायचा, "वैनी, आज लई मुलूख मारला की! तुमाला आता सलाम घालाया पायजे." त्याचा रंग नारंगी, गावाभवती. समद्या शिवारात खेळनारे आमी दोगंच.

एकदा मी इचारलं हुतं. हिरवा रंग तारेच्या आत गेलेला दिसत हुता, सकाळचा टाइम बी खाली लिवलेला. "ह्ये अजून कुनाला दिसतं का रं?"

"जोडीदाराला दिसतं. तुमच्या यादीत मी एकटाच. मी काय डांगोरा पिटतोय व्हय?"

मी म्हनलं, व्हय की. आपलंच पोरगं.

माजा बाप आसाराम जल्मभर शेरडं राखून गेला. तो सांगायचा, शेरडामागच्या मानसानं गेल्या वाटंनं परत येऊ ने. लांडग्याला वाट कळती आन् मानसाला बी कळती. रोज आत जायाची जागा येगळी, भाईर यायाची येगळी. मी वीस वर्सं तेच केलं. पर ह्या खेळाला निघाल्या जागी परत यावं लागतं, न्हाईतर मुलूख बांधला जात न्हाई. आन् मी येडी, महिनाभर रोज सकाळी वढ्याच्या तुटल्या तारंतनं आत जायाची आन् रोज दोन वाजता त्याच तारंतनं भाईर यायाची. बापाचं समदं शानपन मी त्या हिरव्या रंगापायी गहान टाकलं. त्याचा राग मला आजून माजाच येतो.

त्या दिशी सकाळी शेरडं सोडताना मालक बाजेवरनं उठून गोठ्यात आले. कमरेला हात लावत लावत. मला आचंबाच वाटला. मोठ्या बोकडाचं दावं धरून म्हनले, "ह्यो लंगडतोय. आज ऱ्हाऊ दे ह्याला."

"कुटं लंगडतोय? काल तर उड्या मारत हुता."

"मी बघितला. आन् ह्या दोन गाभन्या बी ऱ्हाऊ दे. किती चालवतीस त्यांना."

मला वाटलं, चला, मानूस उठला, गोठ्यात आला, जनावराची कीव करायला लागला. बरंच हाय की. मी अकरा शेरडं घेतली आन् निघाले. सासूनं त्या दिशी भाकरीबरोबर गुळाचा खडा बांधून दिला हुता.

दोनच्या टायमाला मी तारंपाशी आले. फोन कमरंला. पयली शेळी तारंतनं भाईर पडली, दुसरी पडली, आन् घायपातीच्या मागनं तिघंजन उठले. एक फॉरेस्टर, दोन गार्ड. सावलीला बसून बसून त्यांच्या पानाच्या पिचकाऱ्यांनी धोंडे लाल झालेले. म्हंजी वाट बघत बसले हुते.

"या," फॉरेस्टर म्हनला. "दोन म्हणजे दोनला. घड्याळ लावून घ्यावं तुमच्यावर."

मी शेरडं वळवायला बघितली, तर गार्डनं काठी आडवी घातली. "सायब," मी म्हनलं, "आतमदी न्हाई गेले. वढ्यानं आले."

त्यानं खिशातनं फोन काढला आन् माज्या तोंडापुढं धरला. त्यात फोटो. हिरवा डोंगर, मधी माजं नाव. खाली तारखा, टाइम, महिनाभराचं समदं. "हे काय आहे मग? नाव तुमचंच ना? अशिक्षित समजत होतो मी तुम्हाला, तुम्ही तर आमचा प्लॉट नावावर करून बसलात." गार्ड हसले.

माज्या यादीत एकच मानूस हुता.

त्यांनी मला शेरडांच्या मधी उभं केलं, फोनाच्या कव्हरातलं आधार कार्ड दोनी हातांत धरायला लावलं आन् फोटो काढला. डोक्यावरचा पदर घसरला, सारखा करायला हात मोकळा न्हाई. मंग माजीच शेरडं मलाच कोंडवाड्यापातूर हाकायला लावली, गावाच्या मधनं. हापशावर बनुबाई बादली भरत हुती. ती म्हनली, "काय गं सुरेखा, वरात कुनाची?" मी खाली बघून चालत ऱ्हायले. शेरडांना काय ठावं, ती आपली पोटभर चरून मजेत चालली हुती.

दोन दिस ती कोंडवाड्यात. पत्र्याखाली ऊन, बारडीभर पानी, चाऱ्याची काडी न्हाई. मी पाला नेला तर शिपाई म्हनला, आदी दंडाची पावती दाव. महिनाभराची चराई फोनातच लिवलेली, तवा दंड बी महिनाभराचा. तिसऱ्या दिशी मालकांनी पाथर्डीच्या व्यापाऱ्याला आनला. कोंडवाड्याच्या फाटकातच त्यानं अकराच्या अकरा शेरडांच्या पाठी दाबून बघितल्या. अडल्या मानसाला भाव कोन देतो? दंड भागला. शेरडं टेम्पोत चढवताना ती माज्याकडं बघून वरडायला लागली, कारन रोज त्यांना मी बोलवायची. मी टेम्पोच्या मागं काय गेले न्हाई.

हे दोन दिस गोरक्ष घरी फिरकला न्हाई. ड्यूटी हाय म्हनं. तिसऱ्या दिशी, टेम्पो गेला त्याच दुपारी, आला. पायरीवर चपला काढल्या, रोजच्यावानी आत येऊन बसला. सासूनं पाट टाकला. ताटात भाकरी, मटकीची आमटी. मी चुलीपाशी हुते.

मी फोन त्याच्या ताटाशेजारी ठिवला.

"गोरक्ष, ह्या यादीत कोन कोन हाय, वाचून दाव मला."

त्यानं घास मोडला, पर तोंडात घातला न्हाई.

"वाच की. का तुला बी येत न्हाई?"

"वैनी," तो म्हनला, "माजं ऐकून घ्या. सायबानं सांगितलं हुतं, ह्या महिन्यात एक तरी केस दाव, न्हाईतर हजेरीतनं नाव कापतो. कुनाचं तरी नाव द्यायाचंच हुतं."

"डोंगरात आख्खा गाव चारतोय. सरपंचाच्या भावकीची मेंढरं रोज आत हायेत. त्यांचं का न्हाई दिलं?"

"त्यांचं दिलं असतं तर मला गावात ऱ्हाऊ दिलं असतं का त्यांनी? हातपाय मोडले असते. भायेरच्याचं दिलं की भांडान. तुमी घरच्या. घरचं मानूस समजून घेतं."

ज्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या ते पोरगं माज्याच चुलीपुढं बसून मला सांगतंय, तू घरची म्हनून तुला इकलं. मी हातातला उलथना त्याच्या पुढ्यात आपटला. "उठ. ताटावरनं उठ आदी, भाड्या! मी घरची, मंग तू कोन रं? नवऱ्याचा मनका, पोरीची शाळा, समदं ठावं हुतं तुला. हितंच बसून जेवत हुतास तू!"

"मी एकट्यानं न्हाई ठरवलं," गोरक्षनं मान खाली घालून सांगितलं. "दादाला इचारलं हुतं."

मी मालकांकडं बघितलं. ते बाजेच्या सुंभाचं टोक उकलत बसले हुते.

"काय म्हनतोय ह्यो?"

"सुरेखा, तो म्हनला, किरकोळ पावती फाडत्यात आन् सोडत्यात," मालक म्हनले. "एवढं हुईल असं मला काय ठावं? त्याची नोकरी ऱ्हात हुती. आज ना उद्या कायम झाला असता, आपल्यालाच आधार."

बोकड लंगडतोय. गाभन्या ऱ्हाऊ दे. कमरंला हात लावून गोठ्यात आलेलं ते मानूस. ह्यांनी जनावरांची कीव केली हुती. तीन शेरडं वाचवायची त्यांना आठवन झाली, आन् बायकूला सांगायची झाली न्हाई. एक शबूद टाकला असता, सुरेखा, आज दुसरीकडं जा, तर काय जीब झडली असती?

"आन् तुमाला, आत्या?" मी सासूला इचारलं. "गूळ कशाचा हुता?"

सासूनं डोळ्याला पदर लावला. "बिनआईचं पोर हाय गं ते. त्याची भाकरी गेली असती. तू काय, तू घट्ट हायेस. निभावून नेतीस."

तर असं. मी घट्ट हाय म्हनून. गोरक्ष ताटावरनं उठला न्हाई. सासूनंच त्याच्या आमटीत भाकरी कुस्करून दिली आन् म्हनली, जेव, अन्नावर राग नको. तो जेवला. मी पाठीमागच्या दारी जाऊन बसले. मोनिका शाळंतनं आली, तिनं माज्याकडं बघितलं आन् दप्तर न काढताच शेजारी बसली. बाकीची इकली हे तिला बी आपसूक कळलं असनार, कारन गोठ्यात तीनच शेरडं हुती.

तीन शेरडांवर साल निघत न्हाई, हे सांगायला कुनी मास्तर लागत न्हाई. दुसऱ्या दिशी सकाळीच कारभारी मुकादमाची फटफटी दारात वाजली. मालकांनीच निरोप धाडला असनार. हा मानूस दर साली आमच्या वाडीतनं टोळी नेतो. वट्यावर बसला, च्या घेतला, वही उघडली. गोरक्ष बी तितंच हुता, खाकी शर्ट घालून कामावर निघालेला, सासूच्या हातचा डबा घ्यायला थांबलेला.

"कल्याण, दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी गाडी," मुकादम म्हनला. "एक कोयता धरू ना तुमचा?"

मालकांनी माज्याकडं बघितलं न्हाई. "धरा," म्हनले.

मी गोठ्यातनं भाईर आले. "अर्धाच धरा," मी म्हनलं.

"म्हंजी?"

"मी जानार न्हाई. मी आन् मोनिका हितंच. तिची शाळा हाय."

"अगं, काय बोलतीस, येड लागलं का?" सासू म्हनली. "त्याच्या कमरंचं तुला ठावं न्हाई व्हय? एकटा कसा जाईल तो?"

मुकादमानं पेन कानाच्या वर खोवलं. "वैनी, अर्ध्या कोयत्याला मी काय करू? जोडीदार नको का त्याला? तोडनारा एक, बांधनारा एक."

"हाय की जोडीदार," मी म्हनलं. "ह्यो बघा उभा. तरना हाय, खातापिता हाय. घरचाच हाय. ह्याला धरा."

गोरक्षनं डबा घ्यायला पुढं केलेला हात तसाच ऱ्हायला. आन् मालक, जे तीन दिस माज्या डोळ्याला डोळा देत नव्हते, ते एकदम बाजेवरनं उठून बसले. कमरंची कळ आली, तोंड वाकडं झालं, तरी उठले.

"त्याला कसं काय?" ते म्हनले. "त्याचं आयुष्य वाया जाईल, सुरेखा. आत्ता कुटं त्याची नोकरी..."

मी म्हनलं, "थांबलात का? पुढं बोला की."

मुकादम एकदा ह्यांच्याकडं, एकदा माज्याकडं बघत ऱ्हायला. मंग त्यानं कानावरचं पेन काढलं आन् इचारलं, "मंग कुनाचं नाव लिवू?"

मी तिनी शेरडांची दावी सोडली आन् डोंगराकडं निघाले.